होडीत कॅमेरा सुका राहिला, मग बिघडला कसा?

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सुटली की जेमतेम पंधरा मिनिटांचा प्रवास. तेवढ्यात काय होतंय, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी कॅमेरा गळ्यातच ठेवला. होडीवाल्या काकांनी एकदा सांगून पाहिलं, "ओ दादानू, कॅमेरो पिशयेत घाला, पाणी उडतला." पाणी उडालं, नाही असं नाही. पण किती? पोळपाटावर पिठी भुरभुरावी तेवढं. रुमालाने पुसलं, फोटो काढले, संध्याकाळी मासे खाल्ले, दुसऱ्या दिवशी पुण्याची वाट धरली.

दीड-दोन आठवड्यांनी शटरचं बटण अडकायला लागलं. महिन्याभरात वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत हिरवट थर दिसू लागला, देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या पळीवर चढतो तसा. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "समुद्रात पडला होता का?" पडला नव्हता. आमच्या लेखी तो भिजलाही नव्हता.

दरवर्षी पावसाळा संपून किल्ल्यांच्या होड्या आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या फेऱ्या सुरू झाल्या की असे कॅमेरे आणि फोन दुरुस्तीच्या टेबलावर येतात. मालक छातीठोकपणे सांगतो, पाण्यात पडला नाही. कंपनी म्हणते, आत पाणी गेलंय, वॉरंटी नाही. दोघंही खरं बोलत असतात.

पाणी उडून जातं, मीठ मुक्कामाला राहतं

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. चहाचे सहा चमचे धरा. कॅमेऱ्यावर उडालेला थेंब वाऱ्याने मिनिटभरात सुकतो आणि आपल्याला वाटतं, विषय संपला. सुकलं ते फक्त पाणी. क्षार तिथेच बसलेले असतात, बटणांच्या फटीत, झूमच्या रिंगखाली, बॅटरीच्या दाराच्या कडेला.

पुढचं समजायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघर पुरे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? त्यात बाहेरून कोणी पाणी ओतलेलं नसतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. साध्या मिठाच्या बाबतीत हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हे सुरू होतं. (आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्यातली सध्या किती टक्के आहे ते.) समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओल धरतात. त्यामुळे कॅमेऱ्यावर सुकलेला खारा थेंब खऱ्या अर्थाने कधी सुकतच नाही. रात्री ओलसर, दुपारी कोरडा, पुन्हा रात्री ओलसर.

हा ओलसर क्षार वीजवाहक असतो. कॅमेऱ्याच्या पोटात केसासारख्या बारीक तांब्याच्या रेषा असतात आणि बॅटरी जोडलेली असली की त्यांतल्या काहींवर कायम थोडा विद्युत दाब (व्होल्टेज) असतो. दोन रेषांमध्ये खारट ओल आली की वीज आपली वाट सोडून तिथून जाऊ लागते आणि एका रेषेतलं तांबं झिजायला लागतं. शाळेत बीकरमध्ये दोन तारा बुडवून केलेला तो विद्युत अपघटनाचा प्रयोग आता तुमच्या कॅमेऱ्यात चालू असतो, आणि तो थांबवायला बाई नसतात. म्हणून बिघाड त्याच दिवशी न होता दहा दिवसांनी होतो.

हे लक्षात आलं तेव्हापासून मी समुद्राला कमी भितो आणि समुद्रावरून परत आल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळला जास्त.

पण फोनच्या खोक्यावर तर वॉटरप्रूफ म्हणून आकडा आहे

आहे. बहुतेक वेळा तो आयपी ६७ किंवा आयपी ६८ असतो. यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. दुसऱ्या जागी ४ असेल तर कोणत्याही बाजूने उडणारे शिंतोडे चालतील. ५ असेल तर नळीने मारलेली धार चालेल. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीनेच सांगायचं. उदाहरणार्थ आयफोन १२ पासूनच्या बऱ्याच मॉडेलांना सहा मीटर, अर्धा तास असा दावा आहे.

आता यातली गोम. ही चाचणी नव्या कोऱ्या वस्तूची, गोड्या आणि स्थिर पाण्यात होते. समुद्राचं पाणी खारट, हलतं, आणि लाट थोबाडीत मारावी तशी येते. शिवाय ७ मिळाला म्हणजे ५ आपोआप मिळाला असंही नाही. शांत पाण्यात अर्धा तास तग धरणारी वस्तू जोराच्या धारेपुढे हार मानू शकते, कारण बुडवणं आणि मारा करणं या वेगळ्या परीक्षा आहेत. पोहता येणारा माणूस धबधब्याखाली टिकेलच असं कोण म्हणेल?

हे प्रकरण कोर्टापर्यंत गेलेलं आहे. सॅमसंगने गॅलॅक्सी फोन समुद्रात आणि पोहण्याच्या तलावात वापरताना दाखवणाऱ्या जाहिराती केल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने जून २०२२ मध्ये त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवून कंपनीच्या तिथल्या शाखेला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला. ओल असतानाच चार्जिंगला लावलं तर चार्जिंगची खाच गंजू शकते, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी युरोचा दंड केला. एकीकडे पाणी चालतं म्हणून जाहिरात करायची आणि दुसरीकडे पाण्याने बिघडलं की वॉरंटी नाकारायची, यावर त्यांचा आक्षेप होता.

वॉरंटी नाकारताना दुकानदार जे दाखवतो ते म्हणजे फोनच्या आत चिकटवलेली एक इवलीशी पांढरी पट्टी. पाणी लागलं की ती लाल होते. फोन बंद पडो न पडो, पट्टी लाल दिसली की पुढचं बोलणं सहसा संपतं.

कॅमेरा वेदर-सील्ड घेतलाय, मग तर काळजी नाही ना?

महाग कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत हा शब्द हमखास असतो. त्याचा अर्थ एवढाच की सांध्यांवर आणि बटणांखाली रबराच्या कडा बसवल्या आहेत. किती पाणी, किती वेळ, याचा आकडा बहुतेक कंपन्या देत नाहीत. ओएम सिस्टीमचा ओएम-१ (आयपी ५३) आणि लायकाचा एसएल२ (आयपी ५४) असे काही मोजके अपवाद आहेत, आणि त्यांचेही पाण्याचे आकडे बघा: ३ आणि ४. फवारा आणि शिंतोडे. बुडवण्याची भाषा तिथेही नाही.

रबराची कडा म्हणजे कुकरची रिंग समजा. नवी असते तेव्हा झकास बसते. वर्ष-दोन वर्षांत कडक होते, ताणली जाते, आणि एखादं भाताचं शीत मध्ये अडकलं तर वाफ बाजूने फुसफुसत बाहेर येते. कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या दाराखाली वाळूचा एक कण अडकला तर तेच होतं, फक्त उलट दिशेने.

दुसरी मेख झूम लेन्समध्ये. ज्या लेन्सची नळी झूम करताना बाहेर येते ती सायकलच्या पंपासारखी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर खारा दमटपणाही. अशी लेन्स होडीत सारखी मागेपुढे करत बसू नये. तिसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: कॅननच्या काही महाग लेन्सचं सीलिंग पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, असं कंपनीच माहितीपत्रकात लिहिते. हजार-दोन हजारांची साधी काच समुद्रावर एरवीही लावावीच. क्षार पुसताना ओरखडा पडला तर तिच्यावर पडेल.

आणि होडीत लेन्स बदलायची नाही. यावर चर्चा नको. दोन लेन्स लागणार असतील तर धक्क्यावरच ठरवा कोणती लावायची, आणि दुसरीचं दुःख करू नका.

न दिसणारं पाणी

तारकर्लीला सकाळी डॉल्फिन बघायला निघालेल्या लोकांची ठरलेली तक्रार असते: होडीत बसलो, डॉल्फिन आला, कॅमेरा डोळ्याला लावला तर सगळं धुरकट! लेन्स पुसली तरी पुन्हा तेच. लेन्स बिघडली म्हणून माणसं परत येईपर्यंत कासावीस होतात.

फ्रीजमधली बाटली टेबलावर ठेवली की तिला बाहेरून घाम येतो, तेच हे. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर साधारण २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतली वाफ पाणी होऊन बसते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. रात्रभर २२ अंशांच्या एसी खोलीत झोपलेला कॅमेरा बाहेर आला की तो त्या घाम आलेल्या बाटलीसारखा होतो, आणि घाम बाहेरच्या काचेवर येतो तसा आतही येऊ शकतो.

उपाय फुकट आहे. खोलीतच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून हवा काढून बंद करा, मग बाहेर न्या आणि अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका. दव पिशवीवर धरेल, कॅमेरा हळूहळू गरम होईल. त्याहून सोपं म्हणजे रात्री कॅमेऱ्याची बॅग एसीच्या खोलीत न ठेवता पडवीत बंद कपाटात ठेवायची. मी आता तेच करतो.

याची दुसरी बाजू फार कोणी सांगत नाही. वॉटरप्रूफ पिशवी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतलं बाहेरही जाऊ देत नाही. दमट दुपारी भर होडीत पिशवी उघडून ओलसर कॅमेरा आत टाकला आणि तोंड घट्ट बांधलं, तर ती कोकणची हवा तुम्ही डबाबंद करून घरी घेऊन आलात.

पिशवी घ्यायची की पेटी?

होडीच्या प्रवासाला पिशवी, वर्षभर समुद्रावर काम असेल तर पेटी. माझं मत एवढंच आहे.

जिला ड्राय बॅग म्हणतात ती जाड, मेणकापडासारख्या कापडाची पिशवी तोंडाशी गुंडाळून बंद करायची असते. गुंडाळी किमान तीन वेळा, सुरकुती न पडू देता, मग दोन्ही टोकांचं बक्कल जोडायचं. एकदाच दुमडून बक्कल लावणारे लोक मी दर फेरीत बघतो. त्यांची पिशवी फरसाणाच्या पुडीइतकीच वॉटरप्रूफ असते. पिशवी बंद करताना आत थोडी हवा राहू द्या. पिशवी जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनापर्यंत ती तरंगते, म्हणजे दहा लिटरच्या हवा भरलेल्या पिशवीत तीन किलोचा कॅमेरा आणि लेन्स सहज तरंगतील. तेच सामान रिकाम्या जागेशिवाय करकचून आवळलं तर काही सांगता येत नाही.

कडक प्लास्टिकच्या पेटीला झाकणाभोवती रबरी गोल कडा असते. तिच्यावर डोक्याचा एक केस आडवा पडला तरी पाणी केसाच्या बाजूने वाट काढतं. बंद करण्यापूर्वी त्या कडेवरून बोट फिरवायची सवय लावा. पेटीचा तोटा असा की होडीत ती उघडायला मांडी लागते आणि गर्दीच्या होडीत मांडी आपली राहत नाही.

पिशवी नवी असो की जुनी, आधी घरी बादलीत परीक्षा. आत टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा तुकडा घाला, बंद करा, पंधरा मिनिटं पाण्याखाली दाबून धरा, उघडा. कागद कुरकुरीत असेल तर पास. धक्क्यावर शे-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या, गळ्यात लटकवायच्या फोनच्या पारदर्शक पाकिटांना तर हे न करता फोन सोपवूच नये. त्यातली काही चांगली निघतात, काही पहिल्या बादलीतच गळतात, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सुक्या पाकिटातून टच नीट चालतो, पण बोट आणि पडदा ओले झाले की नाही. म्हणून कॅमेरा आधी उघडून ठेवा आणि फोटोला आवाज कमी-जास्त करायचं बटण वापरा.

होडीत पिशवी तळाला ठेवू नका. होडीच्या तळाशी नेहमी थोडं पाणी असतं, त्यात डिझेल असतं, आणि कधी कधी सकाळच्या मासळीचे अवशेषही.

एवढं सगळं बांधून ठेवायचं, तर फोटो काढायचे कधी?

काढायचे की. कॅमेरा शोकेसमध्ये ठेवायला घेतलेला नाही.

नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, दृश्य सगळ्यात छान आणि शिंतोडेही सगळ्यात जास्त. मागे शिंतोडे कमी, पण इंजिनाचा धूर. मधली जागा बरी. होडी वेगात असताना कॅमेरा पिशवीत. नावाडी इंजिन मंद करतो तेव्हा बाहेर. डॉल्फिन दिसायचे असतील तेव्हा तो इंजिन तसंही मंद करतो. लेन्सचं पुढचं प्लास्टिकचं हूड कायम लावलेलं असू दे, अर्धे शिंतोडे तेच झेलतं. हॉटेलात फुकट मिळणारी शॉवर कॅप कॅमेऱ्यावर चढवली तर हजारांच्या रेनकव्हरचं बरंचसं काम होतं. दिसते मात्र केविलवाणी.

लाइफ जॅकेट आधी, कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या वर. उलट केलं तर घाईच्या वेळी दोन्ही निघत नाहीत.

पडलाच तर?

खाऱ्या पाण्यात पडला तर पहिलं काम बॅटरी काढणं. चालू होतो का बघायचं नाही. ही इच्छा दाबणं सगळ्यात अवघड असतं आणि तिथेच उरलासुरला कॅमेरा जातो, कारण ओल असताना वीज सोडली की मघाशी सांगितलेली झीज सुसाट सुटते. मग मेमरी कार्ड काढा. ते गोड्या पाण्यात खळबळून, दोन-तीन दिवस सुकवून वापरलं तर फोटो बहुतेक वेळा मिळतात. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. लिथियमची बॅटरी आहे, नुकसान फक्त कॅमेऱ्यापुरतं राहणार नाही.

कॅमेरा गोड्या पाण्याने धुवावा का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. शिंतोड्यांसाठी धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसावा. पण समुद्रात पूर्ण बुडालाच असेल तर आतलं मीठ सुकू देण्यापेक्षा बॅटरी काढून गोड्या पाण्यातून काढणं आणि तसाच लगेच दुरुस्तीला नेणं शहाणपणाचं. वाचण्याची आशा तरीही थोडीच असते, हे मनाशी धरून चला.

तांदळाच्या डब्यात ठेवू का? नको. हॉटेलातल्या मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे असतात, त्यावरून हा समज आला असावा. तांदूळ आसपासच्या हवेतला थोडाफार ओलावा घेतो, पण यंत्राच्या पोटातलं पाणी ओढून काढायची ताकद त्याच्यात नाही, आणि क्षार तर तो काढूच शकत नाही. उलट कोंडा आणि पीठ खाचांत जातं. ॲपलच्या मदतपानावरही ओला फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

भिगवणला जाणाऱ्यांचं काय?

उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाणाऱ्यांना हा सगळा खारट अध्याय लागू नाही. भीमेचं पाणी गोडं. तिथले शिंतोडे सुकले की डाग राहतो, गंज सहसा नाही. तिथे धोका वेगळा: होडी बसकी, सगळ्यांच्या हातात दोन-तीन किलोच्या लांब लेन्स, आणि पक्षी उडाले की सगळे एकाच बाजूला झुकतात. तिथे मी तरंगणाऱ्या पिशवीपेक्षा मनगटातल्या पट्ट्यावर जास्त भरवसा ठेवतो.

ती पहिली संध्याकाळ

समुद्रावरून खोलीवर आलात की चहा सांगा आणि तो येईपर्यंत हे उरकून टाका. दोन मऊ फडकी घ्या. एक प्यायच्या पाण्यात भिजवून अगदी घट्ट पिळलेलं, दुसरं कोरडं. आधी हाताने दाबायच्या रबरी फुंकणीने वाळू उडवा, तोंडाने फुंकू नका. मग ओल्या फडक्याने बटणं, रिंगा, दारांच्या कडा आणि ट्रायपॉडचे सांधे पुसा, लगेच कोरडं फडकं. काचेवर थेट कोरडं फडकं घासायचं नाही, क्षाराचे कण खरकागदासारखे फिरतात. नीट निघालं का हे बघायची माझी एक गावठी पद्धत आहे: लेन्सच्या हूडवर बोट फिरवून जिभेला लावायचं. पहिल्या पुसण्यानंतर अजून खारट लागतं. दुसऱ्यानंतर लागत नाही.

घरी आल्यावर कॅमेरा आणि लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलचे मणी. हे मणी स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी शोषतात. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी बुरशी धरते ती दमट काळोखात. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली तर ती वाढत नाही. दोन-अडीचशे रुपयांचा आर्द्रतामापक आत टाकून ठेवा. शून्याकडे न्यायचा अट्टहास नको, रबराच्या कडा फार कोरडेपणानेही लवकर म्हाताऱ्या होतात.

मणी भगवे घ्या. निळ्या मण्यांत कोबाल्टचा क्षार असतो आणि तो स्वयंपाकघराच्या आसपासही नको. भगवे मणी ओल प्यायले की हिरवट होतात. ते वेगळ्या, जेवणाला न वापरायच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत दोन तास तापवायचे. ओव्हन कशासाठी लावलाय असं घरात विचारतील. दोन तासांनी ताटली बाहेर काढली की मणी पुन्हा भगवे झालेले असतात, गार झाले की लगेच डब्यात.